काठीवाले चुरी मास्तर

चुरी मास्तरांसमोर ‘तिकडे’ म्हणायची सोय नव्हती. ‘इकडे’ही चालत नसे. कुणी ‘हे काय समोरच’ म्हटलं, तर ते हात मागे बांधून, डोळे मिटून जागच्या जागी उभे राहायचे.

“स्टेपलर कुठे आहे?” ते विचारायचे.

“तिकडे ठेवलाय.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“टेबलावर.”

“टेबल मोठं आहे.”

“उजव्या कोपऱ्यात. पाण्याच्या तांब्याला लागून.”

एवढं वदवून घेतलं की ते डोळे उघडायचे आणि स्टेपलर उचलायचे. त्यांची नजर उत्तम होती. पन्नाशी उलटली तरी चष्मा नव्हता. आम्हीच चष्मे पुसत त्यांना कोपरे सांगत बसायचो.

डहाणूत आमची एक लहानशी संस्था होती. डहाणू आणि तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर फिरून, ज्यांना दिसत नाही त्यांना घरच्या घरी शिकवायचं, असा पाच वर्षांचा प्रकल्प दोन हजार चौदात सुरू झाला. मी ब्रेल शिकवायची, शिवाय चूल पेटवणं, भाकरी थापणं, कपडे ओळखणं. चुरी मास्तर चालायला शिकवायचे. नेमणूकपत्रावर त्यांचं पद ‘चलनवलन प्रशिक्षक’ असं होतं, पण ते आमच्या साहेबांनाही नीट म्हणता येत नसे. पाड्यांवर ते ‘काठीवाला मास्तर’ होते, तेच बरं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, हातात पांढरी काठी देऊन डहाणूच्या मासळी बाजारात सोडलं. त्याशिवाय कळत नाही म्हणाले. मला जे कळायचं ते पहिल्याच गटाराला कळलं. आमचे साहेब मात्र हौसेने पुढे गेले आणि थेट एका मावशीच्या बोंबलाच्या टोपलीत पाय घातला. मावशी म्हणाली, “डोळं बांधून कुठं चाललास रं बाबा? लगीन ठरलाय काय तुझा?” साहेब पट्टी काढायला लागले तर मास्तर मागून शांतपणे म्हणाले, “पट्टी नाही काढायची, साहेब. मावशींना विचारा, वाट कुठल्या हाताला आहे.” त्या दिवसापासून साहेबांनी मास्तरांच्या कामात लक्ष घालणं सोडून दिलं.

ही सवय ते घरच्या कार्यातही सोडत नसत. पुतणीच्या लग्नात आपल्या म्हाताऱ्या काकांना त्यांनी ताट समजावून दिलं. घड्याळासारखं, जसं आम्ही पाड्यांवर शिकवतो तसं. “काका, भजी तीन वाजता आहेत, भाजी सहा वाजता आणि जिलबी बारा वाजता.” काकांना दिसत होतं, ऐकू मात्र जरा कमी यायचं. ते चिडून म्हणाले, “बारापर्यंत कोण थांबतंय? माझी जिलबी आत्ताच वाढा.”

मास्तरांचा सगळ्यात आवडता शत्रू म्हणजे मदत करणारा माणूस. रस्त्यात अंध माणूस दिसला की लोक धावत येतात, त्याचं मनगट पकडतात आणि ओढत पलीकडे नेतात. त्याला पलीकडे जायचं असो वा नसो. असं दिसलं की मास्तर आडवे जायचे. “माणूस म्हणजे सुटकेस आहे काय ओढायला? तू धरू नको, त्याला धरू दे. कोपर पुढे कर आणि गप चाल.” मदत करणारे बिचारे पुण्य बुडाल्यासारखे तोंड करून निघून जायचे. सायवनच्या एस.टी. थांब्यावर तर एकाशी इतकी बाचाबाची झाली, की ज्यांच्यासाठी ती चालली होती ते आजोबा कंटाळून एकटेच गाडीत चढून बसले. मास्तरांना त्याचा केवढा आनंद झाला. परतीच्या वाटेवर दोनदा तेच सांगितलं.

बाकी आनंदाचे प्रसंग कमीच. जीपच्या मागच्या फळीवर बसून बसून माझ्या कमरेची पुरती वाट लागली होती. उन्हात पाडा गाठावा, तर माणूस शेतावर गेलेला. किंवा मागच्या खेपेला दिलेली काठी घरच्यांनी कुडाच्या वर खोचून ठेवलेली, वर कोंबडी बसलेली. “काठी दिली तर लोक म्हणतील आम्ही भीक मागायला काढला,” असं आम्हाला घरोघर ऐकावं लागे. मी दमून ओटीवर बसायची. मास्तर काठी खाली काढायचे, धोतराच्या फडक्याने पुसायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. दमले तेही असतील. सांगायचे नाहीत एवढंच.

झरीची सोनीबाई आम्हाला भेटली ती अशाच एका खेपेला. वय पस्तिशीच्या आसपास. काचबिंदूने दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. नवरा गुजरातेत बोटीवर खलाशी, पावसाळ्यापुरता घरी यायचा. ती दिराच्या घरी कोपऱ्यात बसून असे. मी तिला ब्रेलचे ठिपके दाखवले. तिने बोट फिरवून पाटी मला परत दिली.

“ह्या मना नको, बाई. मना पोरीकडं जायाचा हाय.”

तिची मुलगी, रंजना, तलासरीच्या पलीकडे एका आश्रमशाळेत सातवीत होती. महिन्यातून एकदा आईबापांना भेटू देत. डोळे गेल्यापासून सोनीबाई एकदाही गेली नव्हती. दिराला विचारलं की तो म्हणे बघू, आणि बघता बघता रविवार निघून जाई. आता पोरगी सुटीतही घरी यायला कुरकुर करते, असं ती म्हणाली. “मना इसरंल ती.”

दीर बाजूलाच उभा होता. “एकटी फिरंल? मंग आम्ही काय मेलो काय?”

मास्तर त्याला म्हणाले, “तुम्ही जिवंत आहात म्हणूनच शिकवतोय. मागून बघायला माणूस लागतो.”

दिराला हे नीट कळलं नाही, मलाही नाही, पण तो वाटेतून बाजूला झाला.

शिकायला तिला पावसाळा सोडून सगळं वर्ष लागलं. आधी घर ते हातपंप. मग पाड्याची वाट, मग डांबरी रस्ता. मास्तर कधी तिच्या पुढे चालले नाहीत. काठी कमरेसमोर, मनगट सैल, डावं पाऊल टाकताना टोक उजवीकडे. ती चुकली की ते थांबायचे आणि ती चूक तिची तिला सापडेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. मला ते बघवत नसे. एकदा ती सरळ करवंदीच्या जाळीत शिरली, हाताला ओरखडे आले, तरी हे गप्प. मी म्हटलं, “अहो, निदान ‘थांब’ तरी म्हणा.” तर म्हणाले, “राऊतबाई, मी काय जन्मभर तिच्या मागे ‘थांब’ म्हणत फिरणार आहे?”

मग तो रविवार आला. सोनीबाई एकटी निघणार होती. झरीहून जीपने तलासरी, तिथे गाडी बदलून आश्रमशाळा. आम्ही मागे राहणार, हे तिला माहीत होतं. तिला अडकलं तरी आम्ही बोलायचं नाही, अशी मास्तरांची अट होती आणि ती तिने मान्य केली होती.

तलासरीपर्यंत सगळं छान झालं. तिथे उतरून ती उभी राहिली, गाड्यांची नावं ऐकू लागली. तेवढ्यात एक भला माणूस धावत आला. “मावशी, चला चला, गाडी सुटते,” म्हणत त्याने तिचं मनगट पकडलं आणि तिला काही विचारायच्या आत अच्छाडच्या, म्हणजे उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसवून दिलं. सगळ्या पंचक्रोशीत आम्हाला नडणारा तो माणूस नेमका तिथे हजर होता.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मी ओरडणार होते, त्यांनी मान हलवली. आम्ही दोघं त्याच जीपच्या मागच्या फळीवर चढलो. मास्तरांना दम्याची थोडी खोड होती. श्वास ऐकू जाईल म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला. शेजारच्या गुजराती शेठाणीला वाटलं यांना गाडी लागते. तिने पिशवीतून लिंबू काढून त्यांच्या हातात दिलं. ते लिंबू धरून मास्तर सबंध रस्ताभर ताठ बसले.

अच्छाडला हायवेवर सोनीबाई उतरली. दोन्ही बाजूंनी ट्रक. हॉर्न, डिझेल, ढाब्यांची फोडणी. ती दोन पावलं चालली आणि थांबली. काठी अंगाशी घेतली. तिचे ओठ हलत होते. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. आपण काय करतोय याचं त्यांना भानच नव्हतं.

सोनीबाई बराच वेळ तशीच उभी होती. मग ती फोडणीच्या वासाकडे वळली, काठीने कडेची माती शोधत ढाब्याच्या बाकापर्यंत गेली आणि मोठ्याने म्हणाली, “कोण हाय काय? ह्या अच्छाड काय?”

ढाब्यावरचा सरदारजी हात पुसत बाहेर आला. “अच्छाड है, माताजी. कहाँ जाना है?”

“तलासरी. उलटी आली मी.”

तो तिला धरायला गेला. ती मागे सरकली. “हात नको धरू. कोपर दे.” मराठी त्याला समजली नसावी, पण तिने त्याचा हात चाचपून कोपर पकडलं आणि उभी राहिली. तोही बावरला, मग चालू लागला. ट्रक थांबवत त्याने तिला पलीकडे नेलं, परतीच्या जीपवाल्याला दोनदा सांगून बसवून दिलं. ती बसायच्या आधी जीपवाल्याला पुन्हा स्वतः विचारून घेत होती.

मास्तरांनी माझं मनगट सोडलं. “लागलं काय?” म्हणाले. मी नाही म्हटलं. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांनी ते लिंबू तसंच, सालासकट खाल्लं.

मागच्या गाडीने आम्ही आश्रमशाळा गाठली, पण आत गेलो नाही. फाटकातून दिसत होतं. आवारातल्या डेरेदार भेंडीच्या झाडाखाली सोनीबाई बसली होती आणि रंजना तिच्या पुढ्यात. गळाभेट, रडणं असलं काही आम्ही पोचायच्या आधी झालं असेल तर असेल. आता आई पोरीच्या केसांतून बोटं फिरवत होती आणि फाटकापर्यंत ऐकू येईल इतक्या आवाजात रागावत होती. “उवा केवढ्या झाल्यात. कोण बघत नाय काय तुझा डोका?” रंजना मान खाली घालून हसत होती.

“चला,” मास्तर म्हणाले, “आपलं काम झालं.”

आणि खरंच त्यांनी ते संपवलं. माणूस एकटा जाऊ-येऊ लागला की मास्तर त्याच्या पाड्यावर जायचं बंद करत. झरीच्या रस्त्यावरून पुढे दुसरीकडे जाताना मी म्हणायची, सोनीबाईकडे चहा घेऊ. ते म्हणत, “कशाला? तिचं अडलंय काय?” मला ते थोडं कोरडं वाटायचं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ चिकूच्या वाडीत, हे डहाणूत एका खोलीत, जेवण खाणावळीत. दिवाळीला मी फराळ घेऊन जायची, तेव्हा दारात दुसऱ्या कुणाचं पाऊल कधी दिसलं नाही. पाच वर्षांत त्यांनी कितीतरी माणसं चालती केली, आणि ती सगळी त्यांच्यापासून लांब चालत गेली.

दोन हजार एकोणीसमध्ये प्रकल्प संपला. पुढचा पैसा आला नाही. शेवटच्या आठवड्यात उरलेल्या काठ्या वाटून आम्ही तलासरीच्या बाजारात चहाला बसलो. मी मुलाकडे वसईला जाणार होते. मास्तरांनी काही ठरवलं नव्हतं, किंवा सांगितलं नव्हतं.

गर्दीतून पांढरी काठी येताना मला आधी दिसली. सोनीबाई. नवीन लुगडं, खांद्याला पिशवी. ती थेट आमच्याच टपरीवर आली, काठीने बाकडं शोधलं आणि मास्तरांच्या शेजारी बसली. मध्ये हातभर जागा. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

दिसणाऱ्या माणसाजवळ नुसतं बसलं तरी चालतं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी, तुम्ही बोलला नाहीत तर तुम्ही तिथे नसताच. मास्तर पाय आखडून, कप दोन्ही हातांत धरून बसले होते.

चहावाला तिच्या ओळखीचा होता. “आज काय, मावशी?”

“पोरीला आणाया जाते. सुटी लागली. पोरगी दहावीला गेली रं.” तिने फुंकर घालत चहा संपवला, जीपचा आवाज ओळखला आणि उठली. काठी आमच्या पायांजवळून फिरली, मास्तरांच्या चपलेला जरा लागली. “लागली काय?” असं कुणालातरी विचारून, उत्तराची वाट न बघता ती गर्दीत शिरली.

मी म्हटलं, “अहो, का नाही बोललात? केवढी हरखली असती.”

“हरखली असती. मग बसली असती. जीप गेली असती.”

“दुसरी मिळाली असती.”

त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. मग म्हणाले, “तिने विचारलं असतं, ‘मास्तर, आता कोणाकडे जाता शिकवायला?’ तिला काय सांगणार होतो?”

चहावाला रिकामे कप गोळा करायला आला. त्याने आमचे दोन उचलले आणि सोनीबाईच्या कपाकडे हात केला. मास्तर म्हणाले, “तो राहू दे जरा.”