हरकतराव आणि पिवळी गोळी

घरदुरुस्ती परवाना खात्याच्या तळमजल्यावर, जुन्या नकाशांच्या दालनात, सकाळी दहा वाजून सहा मिनिटांनी छाननी कारकुनांना शिंक आली. यात नोंद घेण्यासारखे काही नव्हते. गेली एकोणीस वर्षे ती रोज याच सुमारास येत होती आणि येताना सगळ्या भावंडांना घेऊन येत होती.

शहरातल्या प्रत्येक घराचा जुना नकाशा या दालनात बांधून ठेवलेला होता. कुणाला गॅलरी काढायची असो की जिना फिरवायचा असो, अर्जाबरोबर जुना नकाशा उघडून ताडून पाहावा लागे. नकाशा उघडला की धूळ उडे आणि धूळ उडाली की शिंका सुरू. साध्या गॅलरीला सात, जिन्याला अकरा, आणि वर मजला चढवायचा असेल तर सतरा. वरून डोळ्यांना पाणी आणि मानेवर लाल चट्टे. तरीही अर्जातली चूक त्या पाणावलेल्या डोळ्यांतून सुटत नसे. म्हणूनच सारे गाव त्यांना हरकतराव म्हणे.

दालनात तोंडावर कायम रुमाल आणि शिंकेवर शिंक असल्यामुळे त्यांना धड बोलता येत नसे. त्यातून खात्यात एक पद्धत पडून गेली होती. म्हातारे शिपाईमामा फाईल उघडून त्यांच्यासमोर धरत. मान आडवी हलली की हरकतीची चिठ्ठी टाचायची, उभी हलली की मंजुरीचा शिक्का. एकोणीस वर्षांत चिठ्ठ्यांच्या टाचण्या पोत्याने संपल्या होत्या, शिक्क्याची शाई मात्र पहिलीच चालू होती.

हरकतरावांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: दुसऱ्या मजल्यावरचे आवक-जावक टेबल. त्याला खिडकी होती, खिडकीबाहेर झाड होते, आणि तिथे आलेला कागद धूळ बसायच्या आत पुढे ढकलला जाई. त्या टेबलावरचे गृहस्थ महिनाअखेर निवृत्त होणार होते. हरकतरावांनी बदलीचा अर्ज टाकला. चौथ्या दिवशी उत्तर आले: ‘शिंका येतात, या विधानाच्या पुष्ट्यर्थ पुरावा जोडलेला नाही. अर्जदाराने वैद्यकीय मंडळासमोर, कार्यालयीन वेळेत, किमान तीन शिंका देऊन दाखवाव्यात.’ तारीख तीन आठवड्यांनंतरची होती.

“तीन आठवडे? अहो, तोवर नाक शिल्लक राहील का तुमचं?” पत्नी म्हणाली. “मंडळाला दाखवायला काहीतरी उरायला हवं ना! चला आधी डॉक्टरांकडे.”

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, “आजार तुमचा नाही, तुमच्या पहारेकऱ्याचा आहे. शरीरात हिस्टामाइन म्हणून एक रसायन असतं. चिमूटभर धूळ आत शिरली की ते दरोडा पडल्यासारखी बोंब ठोकतं. मग नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, अंग खाजतं. ही पिवळी गोळी त्या बोंबेचं तोंड बंद करते.”

“म्हणजे धूळ जाते?”

“धूळ कशाला जाईल? ती राहतेच. फक्त तुम्हाला तिचं काही वाटेनासं होतं.”

“आमच्या खात्यात हे गोळीशिवायही जमतं लोकांना,” हरकतराव रुमालाआडून म्हणाले.

“थोडी झोप येईल,” डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले. “तोंड कोरडं पडेल, बारीक अक्षर अंधुक दिसेल. लघवीला जरा अडखळल्यासारखं होईल. गाडी चालवू नका.”

दुसऱ्या दिवशी हरकतरावांनी गोळी घेतली. दहा वाजून सहा मिनिटांनी शिंक आली नाही. सव्वादहाला नाक कोरडे, डोळे कोरडे. अकराला शिपाईमामांनी पहिली फाईल समोर धरली आणि हरकतरावांची मान सावकाश, गंभीरपणे, उभी खाली गेली.

मामांनी फाईलकडे पाहिले, मग मानेकडे. मान वर आली आणि पुन्हा खाली गेली. एवढ्या निःसंदिग्ध होकारानंतर शंका घेणे शिपायाला शोभले नसते. त्यांनी शिक्का उचलला, वाळलेल्या शाईवर तोंडाची वाफ सोडली आणि तो ठोकला. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस फायली मंजूर झाल्या होत्या आणि मामांचा उजवा खांदा दुखत होता.

आठवडाभरात खात्याचे साहेब स्वतः तळमजल्यावर उतरले. यापूर्वी ते तिथे एकदाच आले होते, तेही लिफ्टचे बटण चुकीचे दाबल्यामुळे.

“हरकतराव, एकोणीस वर्षांचं भिजत घोंगडं तुम्ही आठ दिवसांत वाळवलंत! हे केलंत तरी कसं?”

हरकतरावांनी मान हलवली.

“पाहा! विनय पाहा माणसाचा!” साहेब मामांना म्हणाले.

मामांनी गोळीचे पाकीट पुढे केले. साहेबांनी त्यातला कागद उलगडला आणि दुष्परिणामांची यादी वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला. तोंड कोरडे पडते, म्हणजे कर्मचारी गप्पा मारणार नाहीत. लघवीला अडखळते, म्हणजे जागा सोडून उठणार नाहीत. बारीक अक्षर दिसत नाही, म्हणजे नियमांखालच्या तळटिपांवरून वाद होणार नाहीत. खात्याने चार प्रशिक्षण शिबिरे भरवून जे साधले नव्हते, ते एका पाकिटात दहा-दहाच्या पट्टीने मिळत होते. शिंका थांबतात, हा एक किरकोळ दुष्परिणाम होता. तो सहन करण्यासारखा होता.

अडचण एकच निघाली. कागदावर लिहिले होते की गोळी घेतल्यावर कोणतेही यंत्र चालवू नये. खाते हे यंत्र आहे काय, यावर त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. समितीने दोन दिवस खात्याचे निरीक्षण करून अभिप्राय दिला: ‘चालत असल्याचे आढळले नाही. सबब हरकत नसावी.’ लगेच परिपत्रक निघाले. डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या छाननी कारकुनांनी रोज सकाळी शिपायाच्या देखत गोळी घ्यावी आणि घेतल्याची सही करावी.

वैद्यकीय मंडळाची तारीख याच गोंधळात उगवली. त्या दिवशी गोळी बुडवायची, असे हरकतरावांनी ठरवले होते. पण मामा पाण्याचा पेला घेऊन दारातच उभे.

“मामा, आज नको हो! आज मला शिंकायचंय.”

“साहेब, माझी दोन वर्षं राहिलीत. परिपत्रकात ‘रोज’ असं लिहिलंय.”

मंडळासमोर हरकतराव ताठ बसले. मंडळ वाट पाहत होते. वाट पाहता पाहता हरकतरावांची मान तीनदा खाली गेली. ‘अर्जदाराने तीन वेळा मान्य केले की त्याला काहीही होत नाही,’ असा शेरा पडला. खाली जादा टीप होती: ‘झोप आढळली; ती पदास अनुरूप आहे.’

घरी सुरुवातीला पत्नीची तक्रार नव्हती. पडदे बदलायचे का? मान उभी. दोन्ही सुट्ट्या माझ्या बहिणीकडे घालवायच्या? मान उभी. संसारात इतके एकमत तिने कधी पाहिले नव्हते. मग एका संध्याकाळी भाजी नासली म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि म्हणाली, “मी अगदीच मूर्ख आहे का हो?”

मान दोनदा खाली गेली.

त्याच संध्याकाळी दोघे पुन्हा डॉक्टरांसमोर बसले होते. “ही पांढरी गोळी घ्या. नव्या पिढीची आहे,” डॉक्टर म्हणाले. “काम तेच करते, पण मेंदूकडे फारशी फिरकत नाही. बहुतेकांना झोप येत नाही हिनं.”

“आधीच का नाही दिलीत?” पत्नीने विचारले.

“आधी विचारलं नाहीत. मला वाटलं, सरकारी नोकरी आहे, चालेल.”

परिपत्रकात गोळीचा रंग दिलेला नव्हता. त्यामुळे मामांनी पांढऱ्या गोळीवरही सही घेतली आणि त्या सकाळी खात्याच्या इतिहासात एक अभूतपूर्व घटना घडली: छाननी कारकून न शिंकता जागा होता. डोळे लख्ख, रुमाल खिशात. मंजूर फायलींवर त्यांनी नुसती नजर टाकली आणि त्यांचे धाबे दणाणले. एका अर्जदाराची गॅलरी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात निघत होती. दुसऱ्याचा जिना तिसऱ्या मजल्यावर जात होता. घर दोन मजली होते.

“मामा, फाईल आणा,” ते म्हणाले. मामांनी त्यांचा असा खणखणीत आवाज प्रथमच ऐकला आणि घाबरून सगळ्यात वरची फाईल धरली. तो हरकतरावांचाच बदलीचा अर्ज होता. इमारतीतली कोणतीही वस्तू एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवायची तर छाननी तळमजल्यावर होते, आणि कर्मचारी या नियमाला अपवाद नव्हता.

हरकतरावांनी अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग त्यांची मान आडवी हलली.

“ओ साहेब, शुद्धीवर या! तुमचाच अर्ज आहे हा. खिडकी! झाड!”

“असेल. पण शिंकांचा पुरावा कुठाय? आणि सहीखाली तारीख नाही.”

मामांनी जड हाताने हरकतीची चिठ्ठी टाचली. त्या दिवशी एकूण चौपन्न चिठ्ठ्या टाचल्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी नागरिकांचे शिष्टमंडळ साहेबांच्या दालनात घुसले. “कारकून जागा आहे, हे तुम्हाला माहीत तरी आहे का?” शिष्टमंडळाचे पुढारी, एक निवृत्त मास्तर, टेबलावर मूठ आपटून म्हणाले. हयातभर त्यांनी मुलांना दक्ष नागरिकत्वावर निबंध लिहायला लावला होता. “माझ्या गॅलरीत कठडा नाही, असं तोंडावर सांगतो!”

“आहे का कठडा?” साहेबांनी विचारले.

“प्रश्न कठड्याचा नाही, वृत्तीचा आहे!”

लोकभावनेपुढे प्रशासन झुकले. परिपत्रकात ‘गोळी’ शब्दाआधी ‘पिवळी’ हा शब्द घालण्यात आला. दुसऱ्या दिवशी हरकतरावांनी पिवळी गोळी घेतली, सही केली, आणि अकरा वाजता त्यांची मान डुलू लागली. मामांनी इकडेतिकडे पाहिले. गठ्ठ्याच्या तळातून बदलीचा अर्ज काढला, चिठ्ठी उपटली आणि अर्ज समोर धरला. मान खाली गेली. मामांनी असा शिक्का ठोकला की वरच्या मजल्यावर दिवा हलला.

आता हरकतराव खिडकीजवळ बसतात. कोणतीही गोळी घेत नाहीत. झाड पाहतात, कागद पुढे ढकलतात आणि घरी पत्नीशी मोकळेपणाने भांडतात.

तळमजल्यावर त्यांच्या जागी एक बाई आल्या आहेत. ठणठणीत प्रकृती. धुळीच्या ढगात बसून एक शिंक नाही, की मानेवर एक चट्टा नाही. गोळीची गरजच नाही, त्यामुळे दिवसभर टक्क जाग्या असतात. कठडा विचारतात, पायऱ्या मोजतात. शिष्टमंडळ पुन्हा साहेबांना भेटले. पण निरोगी माणसाला गोळी देण्याची तरतूद नियमात नाही.

म्हणून हल्ली परवाना खात्याबाहेर रांग दिसते. प्रत्येकाच्या एका हातात अर्ज असतो आणि दुसऱ्या हातात पुडी. पुडीत माळ्यावरची, कपाटामागची, सतरंजी झटकून गोळा केलेली, वस्त्रगाळ धूळ. बाईंच्या टेबलाशी पोहोचले की पुडी हळूच सुटते आणि सगळी रांग श्वास रोखून त्यांच्या नाकाकडे पाहते.

रांगेत मास्तरांच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर, तुम्ही उभे आहात. जिन्याचा अर्ज आहे ना तुमचा? मग धूळ कमी आणलीत. जिन्याला निदान अकरा शिंका लागतात.