विहीणबाईंचं रक्त

"रक्ताची एक पिशवी राखून ठेवावी लागेल," गुडघा बदलणारे डॉक्टर म्हणाले. "तुमचा रक्तगट दुर्मिळ आहे. ओळखीत कोणाचा जुळतो?"

"माझ्या आईचा!" सून आनंदाने म्हणाली.

हेडबाईंनी सुनेकडे डोळे वटारून पाहिलं. आयुष्यभर शाळा चालवून निवृत्त झालेल्या ह्या बाई ऑपरेशनला मुळीच घाबरत नव्हत्या. पण विहीणबाई! स्वतः ह्या घराला दिलेले पडदे त्या अजून दर भेटीत चाचपून बघत. त्यांचं रक्त अंगात गेलं, की हेडबाईंनी टाकलेल्या प्रत्येक पावलाचं श्रेय त्यांचंच. संध्याकाळी फोन आलाच. "ताई, तुम्ही वडीलधाऱ्या. मी चांगली सहा वर्षांनी लहान. एवढं नको का करायला?"

हेडबाई दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरांपुढे. "मला कोणाचं रक्त नको. माझं मला कसं पुरेल ते सांगा."

"आधी हिमोग्लोबिन वाढवू. लोहाच्या गोळ्या घ्या, गोळीच्या आगेमागे चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन देऊ. तरी पिशवी हाताशी असलेली बरी."

"आगेमागे कशाला? चहा बंदच!"

वासानेही जीव कासावीस होतो म्हणून अख्ख्या घराचा चहा बंद झाला. मुलगा ऑफिसातून उशिरा येऊ लागला. सून कपडे वाळत घालायला थर्मास घेऊन गच्चीवर जाई आणि कपडे वाळले तरी खाली येत नसे. शेजारणीने सहज चहाला बोलावलं, तर हेडबाई कडाडल्या, "विहीणबाईंनी पढवून पाठवलं ना तुम्हाला?"

ऑपरेशनच्या वेळी कंबरेखालचा भाग बधिर केला होता, पण हेडबाई टक्क जाग्या. पडद्याआडून विचारणा चालू होती. "किती गेलं?"

"कमी आहे, बाई."

"कमी म्हणजे किती? नीट उत्तर द्या!"

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि डॉक्टर हसत आले. "जिंकलात. बाहेरचं रक्त लागणार नाही." हेडबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विहीणबाई दारातून आत येताच ते त्यांनी पुसून टाकलं.

"तुमची पिशवी घरी घेऊन जा हो. माझं मला पुरलं!"

विहीणबाई पर्सच्या बंदाशी चाळा करू लागल्या. "माझं घेतलंच नव्हतं. डॉक्टरांनी रक्तपेढीतून दुसऱ्या कोणाचं मागवून ठेवलं होतं. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही."

"तुमचं का नाही घेतलं?"

"नियम आहे म्हणे मेला. पासष्टीच्या पुढच्यांचं घेत नाहीत."

मुलगा छताकडे बघू लागला. हेडबाईंना चौसष्टावं चालू होतं. नसलेल्या पिशवीपायी इतके दिवस चहावाचून काढले, ह्या विचाराने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मस्तकात पोचेपर्यंत तिचं काहीतरी भलतंच गोड होऊन गेलं.

"सूनबाई, चहा सांग, दोन कप. आणि पहिला तुझ्या आईला दे." हेडबाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "उभ्या का? बसा ना, ताई."