शहाण्णव गुणांची घसरण

दमनहूरच्या जिल्हा कालवा-दरवाजे नोंदणी कार्यालयात मार्चच्या पहिल्या रविवारी परिपत्रक क्रमांक ११४ दाखल झालं. सर्व कर्मचाऱ्यांनी आपलं इंग्रजी सुधारावं, असा त्याचा आशय होता. मार्ग दोनच मान्य होते : इंटरनेटवरचे इंग्रजी ब्लॉग वाचणे आणि इंग्रजी बातम्यांचा रोज मागोवा घेणे. मुदत नव्वद दिवसांची. सुरुवातीला एक परीक्षा, शेवटी एक परीक्षा, आणि पहिलीपेक्षा दुसरीत किमान तीस गुणांची वाढ. ज्याला वाढ दाखवता येणार नाही त्याची बदली ऐन सुबैह शाखेत.

ऐन सुबैह वाळवंटात आहे. तिथे कालवा नाही, त्यामुळे कालव्याचे दरवाजेही नाहीत. शाखा मात्र आहे. तिथल्या सात जागा मंजूर झाल्या त्या दिवसापासून रिकाम्या होत्या, आणि मंत्रालयाला रिकाम्या जागा बघवत नाहीत.

परिपत्रक वाचून कार्यालयातल्या नऊ जणांपैकी फक्त एकाचा चेहरा उजळला. तो शाकिर अफीफी. वय अठ्ठावन्न, हुद्दा वरिष्ठ नोंदणी लिपिक. शाकिरच्या घराच्या गच्चीवर लाकडी ढाबळ होती आणि तिच्यात बेचाळीस कबुतरं. बायको गेल्यापासून संध्याकाळी त्याची वाट बघणारं तेवढंच कुणी उरलं होतं. कबुतरांच्या आजारांवर चांगलं लिहिणारा एक म्हातारा इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो आणि त्याचा ब्लॉग आहे, असं शाकिरला अकरा वर्षांपूर्वी कळलं होतं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी फोन हातात धरून गच्चीवर बसे. आधी कबुतरं, मग त्या म्हाताऱ्याच्या गावच्या बातम्या, मग जगाच्या. परिपत्रकात जे लिहिलं होतं ते सगळं शाकिरने कुणी न सांगता करून टाकलं होतं.

पहिल्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा संचालक मुख्तार बे यांनी त्याला खोलीत बोलावून घेतलं.

"शहाण्णव," मुख्तार बे म्हणाले. "उस्ताद शाकिर, हे काय करून बसलात?"

"उत्तरं लिहिली, बे."

"सगळी?"

"येत होती."

"येतात म्हणून लिहायची? तो बयूमी बघा. अकरा. मी स्वतः चौदावर थांबलो. माणसाने वाढायला जागा ठेवावी की नाही?"

शाकिरने मनातल्या मनात बेरीज केली. शहाण्णव अधिक तीस. पेपर शंभराचा होता.

"म्हणजे मला एकशे सव्वीस मिळवावे लागणार?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे," मुख्तार बे म्हणाले. नियम सगळ्यांना सारखा असल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

शाकिरने मंत्रालयाकडे अर्ज केला. पहिली परीक्षा पुन्हा द्यायची परवानगी मिळावी, या वेळी कमी गुण मिळवण्याची मी हमी देतो, असं त्यात लिहिलं होतं. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. फेरपरीक्षा केवळ असमाधानकारक गुण असणाऱ्यांना देता येते. अर्जदाराचे गुण अत्यंत समाधानकारक आहेत. एकशे सव्वीस हा आकडा तपासून पाहिला असता बरोबर आढळला.

पत्रावर गरुडाचा शिक्का होता, त्यामुळे वादाला जागा नव्हती.

दमनहूरच्या कार्यालयाचा गरुडाचा शिक्का मादाम इन्साफ यांच्या खणात असे. खणाची किल्ली त्यांच्या गळ्यात, आणि टेबलावर बहुधा मुलुखियाच्या पालेभाजीची जुडी. दुपारच्या जेवणाची पानं त्या कार्यालयातच खुडत. शाकिरने ते पत्र त्यांना दाखवलं.

"मग कबुतरांचं काय करशील रे?" त्यांनी विचारलं.

"विकून उपयोग नाही. मागे दोनदा तांता शहरात विकली, दोन्ही वेळा माझ्याआधी घरी. वाळवंटात नेली तरी तिथून उडतील आणि दमनहूरला परत येतील."

"आणि तू?"

"मला परत यायला परवानगी लागेल."

मादाम इन्साफ पानं खुडत राहिल्या.

इकडे बाकीच्यांचं वाचन सुरू होणं गरजेचं होतं. कार्यालयात संगणक एकच, मुख्तार बेंच्या खोलीत, क्रोशाच्या आच्छादनाखाली. आच्छादन काढलं गेलं. कर्मचाऱ्यांनी कोणत्या परदेशी बातम्या वाचाव्यात याला सुरक्षा विभागाची मंजुरी लागते असं लक्षात आलं, तेव्हा बातम्या आधी तिकडे पाठवण्याची पद्धत ठरली. त्या मंजूर होऊन चाळीस दिवसांनी परत येत. एप्रिलच्या एका निरभ्र सकाळी बयूमीने मार्चमधल्या धुळीच्या वादळाचा इशारा वाचला आणि कार्यालयाच्या सगळ्या खिडक्या बंद करून घेतल्या. बातम्यांचा मागोवा घेतल्याबद्दल त्याच्या नोंदवहीत शेरा पडला.

ब्लॉगचा प्रश्न अधिक अवघड होता. मान्य दस्तऐवजांच्या यादीत पत्र होतं, टिपणी होती, अहवाल होता, ब्लॉग नव्हता. परक्या माणसाने स्वतःच्या मनाने लिहिलेलं काही सरकारी वेळेत वाचणं कितपत योग्य, अशी शंका सुरक्षा विभागाने विचारली. मुख्तार बेंनी तोडगा काढला. कार्यालयाने स्वतःचाच इंग्रजी ब्लॉग काढावा आणि तो कर्मचाऱ्यांनी वाचावा.

"लिहिणार कोण?" बयूमीने विचारलं.

सगळ्यांनी शाकिरकडे पाहिलं.

शाकिरला कालव्याच्या दरवाजांवर इंग्रजीत काही सुचेना. तो कबुतरांवर लिहू लागला. सोमवारी पिल्लांचं खाणं, मंगळवारी पिसं गळणं, बुधवारी पोटातले जंत. सहा कर्मचारी आणि मुख्तार बे ते संगणकावरून वहीत उतरवून घेत. मादाम इन्साफही घेत, पानं खुडून झाल्यावर. प्रत्येक पानाच्या तीन प्रती, प्रत्येक प्रतीवर गरुड. वाचायला कुणी थांबत नसे, कारण उतरवून घेण्यातच तास संपे.

जूनमध्ये दुसरी परीक्षा झाली. प्रश्न मान्य वाचनातूनच काढायचे असल्याने ते ब्लॉगमधून काढले होते, आणि उत्तरं सर्वांना तोंडपाठ होती. 'तुम्ही रोज सकाळी काय करता?' या प्रश्नावर बयूमीने इंग्रजीत लिहिलं की, मी ढाबळ साफ करतो आणि विष्ठेचा रंग तपासतो. त्याला एक्काहत्तर मिळाले. मुख्तार बेंना अडुसष्ट. मादाम इन्साफना साठ.

शाकिरला परीक्षेला बसू दिलं नाही. प्रश्न त्याच्याच लेखनावर होते, तेव्हा तो बसला असता तर हितसंबंधांचा संघर्ष झाला असता. शिवाय स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचणं हे वाचनात धरता येत नाही. त्याच्या नावापुढे शून्य लागलं आणि शेऱ्यात लिहिलं गेलं : नव्वद दिवसांत शहाण्णव गुणांची घसरण. कारण शोधावे.

"मनाला लावून घेऊ नका," बयूमी म्हणाला. तो आता मराठीत सांगायचं तर हवेत होता. बोलता बोलता मध्येच एखादा इंग्रजी शब्द टाकी, बहुतेक जंतांसंबंधी. "इंग्रजी सगळ्यांना जमत नाही, उस्ताद."

यशस्वी कार्यालयांनी बदलीचे आदेश यापुढे इंग्रजीत काढावेत, अशी मंत्रालयाची पुढची सूचना होती. मुख्तार बेंनी शाकिरला बोलावलं.

"तुमच्या बदलीचा आदेश टंकून आणा."

"माझ्या बदलीचा मीच?"

"मग दुसरं कुणी बरं लिहितं का इथे?" बे बोलून गेले, आणि लगेच खोकले.

शाकिरने आदेश लिहिला. शाकिर अफीफी यांची ऐन सुबैह येथे बदली करण्यात येत आहे, एवढाच. मुख्तार बेंनी कागद डोळ्यांसमोर धरला, जवळ घेतला, लांब नेला.

"भाषा फिकी पडते आहे," ते म्हणाले. "जरा भारदस्त करा."

शाकिरने दुसरा मसुदा आणला. तो बुधवारचा जंतांवरचा लेख होता, फक्त वर तारीख आणि जावक क्रमांक. मुख्तार बेंनी शेवटपर्यंत नजर फिरवली.

"आता जमतंय. पण शेवट थोडा लांबला."

त्या संध्याकाळी शाकिर गच्चीवर उशिरापर्यंत बसला नाही. कबुतरं आत आली, त्याने दार लावलं आणि तिसरा मसुदा लिहायला घेतला. लिहिताना त्याने स्वतःशी एक ठरवलं : जो कुणी विचारेल की यात काय लिहिलंय, त्याला खरं सांगायचं. मग तो मुख्तार बे असो की बयूमी.

मसुद्यात असं होतं की, खाली सह्या करणारे आम्ही सर्व, इंग्रजीत झालेल्या आमच्या प्रगतीचा लाभ वाळवंटालाही व्हावा या हेतूने, ऐन सुबैह येथे स्वेच्छेने बदली मागत आहोत. शाकिर अफीफी यांनी निवृत्तीपर्यंत दमनहूरलाच राहावे. तळाशी नियमाप्रमाणे ओळ होती : वाचले, समजले, मान्य.

मुख्तार बेंनी तो वाचला. "हां," ते म्हणाले, "याला म्हणतात इंग्रजी." त्यांनी सही केली. बयूमीने एक स्वल्पविराम चुकल्याचं दाखवून सही केली. बाकीच्या पाच जणांनी बयूमीची सही पाहून सही केली. कागद फिरत होता तोवर शाकिर दाराशी उभा होता. कुणी काही विचारेल म्हणून त्याने घाई केली नाही.

शेवटी कागद मादाम इन्साफ यांच्याकडे आला. त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"काय लिहिलंय रे यात?"

"तुम्ही साठ गुणांनी पास झालात, मादाम."

"ते कबुतरांत. शिक्का माझ्या खणातला आहे, उद्या मला विचारतील. सांग."

शाकिरने सांगितलं. पूर्ण. मादाम इन्साफ यांनी सह्या मोजल्या, सात भरल्या. मग स्वतःची सही न करता त्यांनी खण उघडला, शिक्क्यावर हा करून तोंडाची वाफ दिली आणि गरुड असा दाबला की टेबलावरची मुलुखिया उडाली.

मंत्रालयाने आठवड्यात मंजुरी दिली. सात जागा, सात माणसं. असा हिशेब मंत्रालयात क्वचित जुळतो. मुख्तार बेंनी तातडीने कळवलं की आदेशाचा मजकूर आम्हाला समजला नव्हता. उलट टपाली विचारणा झाली : तर मग अडुसष्ट गुण कसे पडले, आणि परीक्षा पास झाल्याची प्रमाणपत्रं परत करायची आहेत का? मुख्तार बेंनी दोन दिवस विचार केला आणि वाळवंटाची कोरडी हवा आपल्या गुडघ्यांना मानवेल असं उत्तर पाठवलं. सात जण एका बसने गेले. खिडकीतून बयूमी हात हलवत होता. धुळीच्या वादळाचा इशारा त्या दिवशी खरोखरच होता, पण तो मंजूर होऊन यायला अजून चाळीस दिवस होते.

ही हकीकत दमनहूरमध्ये अजून चवीने सांगितली जाते आणि ऐकणारे हसतात. वाचकांनीही हसायला हरकत नाही. फक्त आज सकाळी फोनवर जे लांबलचक इंग्रजी पान उघडलं होतं, जे तुम्ही अंगठ्याने सर्रकन तळापर्यंत नेलंत आणि 'वाचले, समजले, मान्य' या चौकोनावर बोट टेकवलंत, त्यात ऐन सुबैहचं नाव नव्हतं ना, तेवढं एकदा कुणाला तरी विचारून घ्या.