चालकाशी बोलू नये

"छातीतलं इंजिन मी दोन दिवसांत ताळ्यावर आणतो," असं स्टेअरिंगबुवांनी जाहीर केलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मानही वर केली नाही. एकोणतीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला घरातल्या खुर्चीतही चालकच व्हायचं असतं, हे तिला पाठ होतं.

भानगड अशी होती की डेपोच्या वार्षिक तपासणीत बुवांची नाडी एकशे बारा भरली होती. परवा फेरतपासणी. तिथेही तसंच झालं तर बस जाणार आणि बुवा चौकशीच्या खिडकीत बसणार. बस म्हणजे तर बुवांचा जीव की प्राण.

त्यांनी बोटाला लावायचं नाडीचं यंत्र आणलं. पहिल्या मोजणीत शंभर. बुवांनी हृदयाला दम भरला, एकशे सहा. मग त्यांनी श्वासाचा ताबा घेतला. चार आकडे मोजून आत, चार मोजून बाहेर. मध्येच बायकोने भाजी कुठली करू विचारलं, आकडा चुकला, आणि आता श्वास घ्यायचा की सोडायचा हेच आठवेना. ठसका लागला, तळहातांना घाम फुटला, तोंडाला कोरड पडली. यातल्या कशालाच बुवांचा हुकूम नव्हता. यंत्रच बिघडलं असेल म्हणून ते बायकोच्या बोटाला लावलं. बहात्तर! तेही घड्या घालता घालता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी बुवांचं मनगट हातात घेतलं आणि सहज विचारलं, "माझी गाडी उतारावर जळका वास मारते. काय असेल हो?"

बुवांचा चेहरा खुलला. "सारखा ब्रेक दाबून धरत असाल. खालचा गिअर टाका आणि पाय काढा. इंजिन गाडीला बरोबर आवरतं. त्याच्या कामात आपण लुडबुड करायची नाही." मग पाच मिनिटं ते घाटातली वळणं समजावत राहिले.

"अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या. "तुमचाच सल्ला तुम्हाला देते. पाय काढा."

हृदय, घाम, पचन हे सगळं आतली एक यंत्रणा आपल्याला न विचारता सांभाळते, असं त्यांनी सांगितलं. वेग तीच वाढवते, ब्रेकही तीच लावते. भीती दिसली की वेग वाढवते. आणि बुवा दोन दिवस तिला भीतीच दाखवत होते. बाईंनी दाखल्यावर सही केली.

जन्मापासून एकही सुट्टी न घेता कुणीतरी आपल्याला वाहून नेतंय, आणि आपण मात्र त्याला दम देत बसलो. बुवांचे डोळे भरून आले, तेही परवानगी न घेता.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "बसमध्ये पाटी असते ना, चालकाशी बोलू नये? आता आतल्या चालकालाही मी त्रास देणार नाही. फक्त आभार मानणार."

"मग हात खिशात का?"

बुवांनी हळूच हात बाहेर काढला. यंत्र बोटालाच होतं.

"चौऱ्याऐंशी," ते ओशाळून म्हणाले. "आभार मानताना जरा वाढते, एवढंच."