आपल्याच बोर्डाखाली

अपील फेटाळल्याचं पत्र आलं तेव्हा पेंटर जेवायला बसले होते. चष्मा जवळ नव्हता म्हणून पाकीट पेंटरीणबाईंनी फोडलं, पत्र मनातल्या मनात वाचलं आणि ताटाशेजारी ठेवून दिलं.

"काय म्हणतात?"

"हरलात."

"म्हणजे?"

"म्हणजे दंड भरायचा. पत्र यायलाच उशीर झालाय, मुदत उद्या संपतेय."

पेंटरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "सात महिने! सात महिने खुर्च्या उबवल्या आणि शेवटी हेच सांगितलं? वाच, मोठ्याने वाच. कळू दे तरी काय दिवे लावलेत ते."

पेंटरीणबाई वाचू लागल्या. "'सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता, फलकावरील अक्षरे ठळक, रेखीव व चाळीस फुटांवरूनही सुवाच्य असल्याचे आढळून आले. सबब, फलक वाचता आला नाही हे अर्जदाराचे म्हणणे मान्य करता येत नाही.'"

पेंटरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्या लालीतूनच हळूहळू फुलला, आणि फुलल्याचा राग येऊन पुन्हा लाल झाला.

"नुसतं सुवाच्य?" ते म्हणाले.

ज्या फलकाखाली स्कूटर उभी केली म्हणून पेंटरांना दंड झाला होता, तो फलक पेंटरांनीच रंगवलेला होता. 'येथे वाहने उभी करू नयेत'. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, पिवळ्या जमिनीवर काळ्या रंगात, अक्षरांना उजवीकडून लाल सावली, आणि खाली कोपऱ्यात बारीक सही. एके काळी गावातल्या निम्म्या दुकानांवर त्यांचा हात दिसायचा. मग छापील पाट्यांचं यंत्र आलं आणि पाच-सहा वर्षांत सगळं उतरलं. दवाखाना गेला, लाँड्री गेली, शिवणक्लास गेला. उरला एवढा एक फलक. पेंटरांचा हात आता कापायचा, चहाची बशीसुद्धा धड राहायची नाही, त्यामुळे दुसरा निघण्याची आशा नव्हती.

आता स्वतः रंगवलेला बोर्ड माणसाला वाचता येत नाही का, असं कोणीही विचारेल. पोलिसानेही विचारलं होतं. पण तीस वर्षं अक्षरं रंगवणाऱ्या माणसाला अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही. पेंटरांनी आयुष्यात 'कुत्र्यापासून सावध' हे शब्द शेकडो वेळा रंगवले आणि चारदा कुत्रा चावून घेतला. त्या दिवशी ते नवा चष्मा घेऊन घरी निघाले होते. वाटेत सहज वर नजर गेली आणि 'वाहने'मधला 'ह' त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा स्वच्छ दिसला. 'ह' भल्याभल्यांना दाद देत नाही. त्यांनी तिथेच स्कूटर लावली आणि मान वर करून ते दहा मिनिटं बघत राहिले.

"काका, बोर्ड दिसत नाही का?" मागून पोलिसाने विचारलं.

"दिसतोय की! तोच तर बघतोय," पेंटर म्हणाले, आणि पावती फाटली.

एवढं झालं तेव्हाच दंड भरून मोकळं व्हायचं. पण जावई एका वकिलाकडे कारकून. ते म्हणाले, "बाबा, असं कसं भरायचं? अपील करू. मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा." पेंटरांनी फक्त सही केली. सही काढायला त्यांना पाच मिनिटं लागतात, त्यामुळे वर काय लिहिलंय ते वाचायला वेळच उरला नाही.

"अजून आहे खाली," पेंटरीणबाई म्हणाल्या. "'तथापि, अर्जदाराने फलकाविषयी केलेल्या गंभीर तक्रारीची दखल घेऊन, सदर फलक काढून त्या जागी छापील फलक बसवण्याबाबत दुरुस्ती विभागास कळवण्यात आले आहे.'"

पेंटर ताटावरून उठले. "मी तक्रार केली? माझ्या बोर्डाची? मी?"

जावयाला फोन लागला. जावयावर ओरडायचं नसतं, हे पेंटर कसोशीने पाळत आले होते. त्यांनी डाव्या हाताने खिडकीचा गज घट्ट धरला.

"जावईबापू, त्या अर्जात आपण काय लिहिलं होतं, जरा वाचून दाखवता का?"

"हो, थांबा हं. 'सदर फलकावरील अक्षरे ओबडधोबड, वेडीवाकडी व अडाणी हाताने काढलेली असून कोणाही सुजाण नागरिकास ती वाचता येणे अशक्य आहे.' जोरदार झालंय ना बाबा? आमच्या वकीलसाहेबांनासुद्धा आवडलं होतं."

गज हलला. "तो बोर्ड मी रंगवलाय."

"मला काय माहीत, बाबा!"

"कोपऱ्यात माझी सही आहे! लग्नाला सहा वर्षं झाली, त्याच रस्त्याने येता-जाता तुम्ही!"

"पण बाबा, सही तर तुम्ही अर्जावरही केलीत."

पेंटरांनी फोन ठेवला आणि दंडाचे पैसे मोजून खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. तीन नंबरच्या खिडकीमागच्या बाईंनी दंड घेतला आणि पावती दिली.

"आता मला माझी तक्रार मागे घ्यायचीय," पेंटर म्हणाले.

बाईंनी फाइल चाळली. "तुमची तक्रार नाहीये. अपील आहे."

"बरं, अपील मागे घ्यायचंय."

"ते फेटाळलंय. फेटाळलेलं मागे कसं घेणार?"

"फेटाळलंय ना? मग बोर्ड का काढताय?"

"तुम्ही लिहिलंय ना, वाचता येत नाही म्हणून."

"अहो, पण तुमच्याच साहेबांनी लिहिलंय की चाळीस फुटांवरून वाचता येतो!"

"ते दंडापुरतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "दुरुस्तीचा विभाग वेगळा."

पेंटरांची कानशिलं तापली. एकाच कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात बोर्ड उत्तम म्हणून त्यांना दंड, आणि खालच्या अर्ध्या भागात तोच बोर्ड भिकार म्हणून त्याला हाकलून द्यायचं! आणि दोन्हीखाली सही एकाच माणसाची! त्यांनी हे सगळं बाईंना ऐकवलं. मागे रांगेतल्या लोकांनाही ऐकवलं. रांगेतल्या एकाने "बरोबर आहे काकांचं" म्हटलं, आणि आपला नंबर लवकर लागावा म्हणून त्यांना हळूच बाजूला सारलं.

"दुरुस्तीवाले बसतात कुठे?" पेंटरांनी लांबूनच विचारलं.

"वरच्या मजल्यावर. पण आज कोणी नाही. गाडी बाहेर गेलीय, तुमचाच बोर्ड काढायला."

पेंटरांची स्कूटर त्या दिवशी ज्या वेगाने गेली तो वेग तिच्या कंपनीलाही माहीत नसावा. ते बोर्डाजवळच्या वळणावर पोचले तेव्हा भिंतीला शिडी लागलेली होती. शिडीवर दुरुस्तीवाला, त्याच्या काखेत बोर्ड, आणि भिंतीवर चार मोकळी भोकं. खाली छापील बोर्ड तोंड भिंतीकडे करून उभा होता. पेंटरांनी स्कूटर थेट शिडीच्या पायथ्याशी नेऊन लावली, किल्ली खिशात टाकली आणि ते सीटवर हाताची घडी घालून बसले.

"ओ काका, गाडी काढा. मला खाली उतरायचंय."

"उतरू नकोस. बोर्ड होता तिथे लाव."

"मला काढायची ऑर्डर आहे."

"मला बसायची आहे."

"काका, इथे गाडी लावायला बंदी आहे!"

"कुठे लिहिलंय?"

"हे काय!" दुरुस्तीवाल्याने काखेतला बोर्ड वरून त्यांच्यापुढे धरला. पेंटरांनी तो इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. लाल सावलीला ठिकठिकाणी पोपडे आले होते, पण 'ह' तसाच ताठ होता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चिडून ते पुसले.

तेवढ्यात पोलीस आला. तोच तो.

"पुन्हा तुम्ही?" त्याने पावतीपुस्तक काढलं, मग खिशातून मोबाइल काढला, दोन पावलं मागे गेला आणि थांबला. "बोर्ड कुठाय?"

"माझ्याकडे," शिडीवरून आवाज आला.

"तिथे काय करतोय? भिंतीवर पाहिजे. गाडी आणि बोर्ड एकाच फोटोत आल्याशिवाय पावती होत नाही."

"साहेब, मी आत्ताच काढलाय. खाली नवा आहे, तो लावतो."

"काका आले तेव्हा नवा होता?"

"नव्हता."

"मग गुन्हा जुन्या बोर्डाखाली झालाय. लाव तो परत."

दुरुस्तीवाल्याने तोंडातल्या तोंडात बरंच काही म्हणत चारही नट पुन्हा आवळले. "डावी बाजू सूतभर वर घे," पेंटरांनी खालून सांगितलं. त्याने घेतली. पोलिसाने फोटो काढला, नीट आला नाही म्हणून दुसरा काढला आणि पावती फाडली.

"झालं ना साहेब? आता काढू?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"वेडा आहेस का? आता तो पुरावा झाला. अपिलाची मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही."

पेंटर सीटवरून सावकाश उठले. "आणि मी अपील केलं तर?"

"तर निकाल लागेपर्यंत."

"मागच्या वेळी सात महिने लागले."

"या वेळी जास्त लागतील. पाहणीवाले साहेब बदलून गेलेत." पोलिसाने वर पाहिलं, मग पावतीवरच्या नावाकडे, मग पुन्हा बोर्डाच्या कोपऱ्याकडे. "ही सही तुमची का हो?"

"हो."

"छान आहे 'ह'," तो म्हणाला. आपण त्याच्या बापाच्या वयाचे असूनही पेंटरांना त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी जावई धावत आले. "बाबा, या वेळी मी असा अर्ज लिहितो की..."

"आपण चहा घ्या," पेंटर म्हणाले.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. हात कापत होता म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहिला, दोन दिवस लागले. दंड मान्य होता, गुन्हा कबूल होता, बोर्ड लांबून स्वच्छ दिसतो हेही मान्य होतं. हरकत एकच होती, ती मागच्या निकालातल्या 'सुवाच्य' या शब्दाला. त्या जागी 'सुंदर' असं करून मिळावं, अशी नम्र विनंती होती.

नऊ महिन्यांनी पाकीट आलं. पेंटर दाढी करत होते. पेंटरीणबाईंनी पाकिटावरचा शिक्का पाहिला आणि ते न फोडताच फळीवर ठेवलं. मग खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

"जा, लावून या," त्या म्हणाल्या. "आणि तोंडावरचा फेस पुसा आधी, फोटो काढतात."