आप्पांच्या पोटातला भोपळा

पोह्यांची दुसरी ताटली पुढं आली तसा भैरूआप्पांनी एक हात आडवा धरला आणि दुसरा पोटावर दाबला.

"घ्या की आप्पा," हौसराव म्हणाले. "आमच्या मोनिकानं केल्यात."

"न्हाई... बास..." एवढंच म्हणून आप्पा खुर्चीवरून हळूहळू घसरत गेले आणि हौसरावांच्या नव्या कोऱ्या फरशीवर आडवे झाले.

निमोण्याचे भैरूआप्पा बायको अनसाबाई आणि मुलगा स्वराज यांना घेऊन सकाळीच खुटबावला हौसरावांच्या घरी मुलगी बघायला आले होते. स्वराज कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत कामाला होता. सगळं जमत आलं होतं. भावकीतला प्रत्येक माणूस येऊन पाहुण्यांबरोबर एकेक कप चहा घेऊन गेला होता. आप्पांनी एकालाही नाही म्हटलं नव्हतं. आता मुलीला दोन प्रश्न विचारायचे, सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. आणि नेमके आप्पा पोट धरून कण्हत पडले होते.

अनसाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मग ताटलीकडं पाहिलं.

"काय घातलं व्हतं पोह्यात?"

स्वयंपाकघराच्या दारातून मोनिका म्हणाली, "कांदा, मिरची, शेंगदाणं, कढीपत्ता."

"आई, मी दोनदा खाल्ले की," स्वराज पुटपुटला. "मला कुठं काय झालं?"

"तुला कंपनीच्या कँटीनची सवय हाय. तुला काय व्हतंय?"

आप्पांना उचलून पाहुण्यांच्याच जीपमध्ये घातलं. रस्ता दाखवायला हौसराव पुढं बसले. आणि कुणी काही म्हणायच्या आत मोनिका मागच्या सीटवर चढून बसली, पाहुण्यांसमोर यायला नेसलेल्या त्याच साडीत.

"तू कुठं निघालीस?" हौसराव ओरडले.

"पोहे मी केल्यात. डॉक्टर काय म्हणत्यात ते मला माझ्या कानानं ऐकायचंय."

खुटबाव ते हायवे हा रस्ता तेव्हा खड्ड्यांचाच होता. प्रत्येक खड्ड्याला आप्पा "आयो" म्हणत आणि प्रत्येक "आयो"ला अनसाबाईंचा आवाज एक पट्टी वर जाई. "पोरगी बघाया आलो आन् माणूस घालवून बसतो का काय!"

हौसरावांनी मान वळवली. "म्हंजी आम्ही इख घातलं म्हणता?"

"मी इख म्हनले का?"

"मग काय म्हनला?"

"पोहे म्हनले."

"एकच झालं की!"

हायवेवरच्या दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा सोयरीक जवळपास मोडली होती.

तातडीच्या विभागात डॉक्टर तहमीना तांबोळी ड्यूटीवर होत्या. वयानं मोनिकापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी आप्पांना खाटेवर घेतलं आणि भराभर विचारायला सुरुवात केली. उलटी? नाही. जुलाब? नाही. ताप? नाही. कसली गोळी घेतली होती? सकाळी सर्दीची एक घेतली होती, मेडिकलवाल्यानं दिलेली.

"लघवी नीट होते का?"

आप्पांनी डोळे उघडले. खाटेच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगा. पायाशी होणारे व्याही. व्याह्यांच्या मागं होणारी सून, डोईवरचा पदर सावरत. आणि समोर लेकीच्या वयाची डॉक्टरीणबाई.

"व्हतीय की," आप्पा भिंतीकडं बघत म्हणाले.

"शेवटची कधी झाली?"

"ही काय... मगाशीच."

डॉक्टरांनी पोटाला हात लावताच आप्पांनी तो हात धरला. बेंबीखाली काहीतरी टणक लागत होतं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. "आतड्याला पीळ वगैरे असेल तर ऑपरेशन लागेल. मग इथं वेळ घालवून उपयोग नाही, पुण्यालाच न्यावं लागेल."

'ऑपरेशन' ऐकताच अनसाबाईंनी हंबरडा फोडला. तो ऐकून हौसराव रडवेले झाले. चार शेंगदाण्यांपायी प्रकरण पुण्यापर्यंत जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "आधी मशीन लावून बघू."

ब्रदरनं चाकांचा एक गाडा ढकलत आणला. त्यावर लहानसा टीव्ही आणि त्याला वायरीनं जोडलेला, मुठीत मावेल असा ठोकळा. असलं मशीन थेट खाटेपाशी येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे दोन पावलं पुढं सरकले. हौसरावांना भिंतीवरची पाटी दिसली आणि त्यांनी ती सवयीनं मोठ्यानं वाचली, "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही."

आप्पा तेवढ्या दुखण्यातही कोपरावर उठले. "अवो, हे बायांचं मशीन हाय! मला कशाला लावता?"

"पोट सगळ्यांनाच असतं, आप्पा. झोपा."

पोटावर गार गार चिकट मलम पडलं. ठोकळा फिरायला लागला. पडद्यावर करड्या मुंग्या वळवळल्या.

"लाईट गेल्यावानी दिसतंय," अनसाबाई रडता रडता थांबून म्हणाल्या.

"आवाज आत जातो आणि आदळून परत येतो. त्याचं हे चित्र," डॉक्टर म्हणाल्या.

"वटवाघळासारखं?" मोनिकानं मागून विचारलं.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "अगदी तसंच." त्यांनी ठोकळा बेंबीच्या खाली सरकवला, आणि पडद्यावर एकदम एक काळाभोर गोल उमटला. गोल कसला, भोपळाच! पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"अगं आई गं," अनसाबाई म्हणाल्या. "हे काय?"

डॉक्टर क्षणभर पडद्याकडं पाहत राहिल्या. मग आप्पांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी बाहेर थांबा."

एवढं पुरे होतं. डॉक्टरनं नातेवाइकांना बाहेर काढलं की त्याचा अर्थ काय असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. अनसाबाईंनी बाकड्यावर बसकण मारली. "भोपळ्याएवढी गाठ हाय! पोटात गाठ घिऊन माझा धनी नांगर धरत व्हता!" मग पुन्हा पोह्यांची आठवण झाली. "आन् त्या गाठीवर ह्यांनी पोहे घातलं!"

"बास झालं," हौसराव म्हणाले. "आमची पोरगी आम्हाला जड न्हाई. उद्या बारीक काय झालं तरी तुम्ही तिच्यावरच घालणार. न्हाई द्यायची तुमच्या घरात!"

आत पडदा ओढून डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "आप्पा, आता खरं सांगा. सकाळपासून लघवी झालीच नाही ना?"

आप्पांनी डोळे मिटून घेतले. "बाई, जायचं व्हतं हो. पर त्यांच्या नव्या संडासाचं दार बैठकीच्या खोलीतच. समोर सगळ्या बाया बसल्याल्या. पयल्यांदा पावण्याच्या घरी गेल्यावर त्येच इचारायचं का? त्यात चहावर चहा. शेवटाला फोन आल्याचं निमित्त करून गोठ्यामागं गेलो, तर येईनाच."

"येणार कशी? वयानं तुमची मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी थोडी वाढलीय. त्यात तुम्ही एवढा वेळ धरून बसलात. वर ती सर्दीची गोळी, तिनं वाट आणखीच आवळली. आतडी चांगली आहेत. पोटात भोपळा नाही, पाणी आहे."

ब्रदरनं नळी घातली. पिशवी भरत गेली तसा आप्पांचा चेहरा उतरत्या उन्हासारखा निवत गेला. थोड्या वेळानं त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की ब्रदरलाही हसू आलं.

"बाई, तुमचं कल्याण हुईल. फकस्त एक करा. भाईर गॅस झाल्ता म्हणून सांगा."

"तुमचं दुखणं मी कुणाला सांगणार नाही. पण खोटंही सांगणार नाही. आणि बाहेर त्या मुलीवर आळ आलाय, तो मी कसा काढू?"

पडद्यापलीकडून हौसरावांचा आवाज आला, "पोरी, चल. रिक्षा बघू."

आप्पा छतावरच्या पंख्याकडं पाहत राहिले. मग एकदम हाक मारली, "हौसराव! आत या. समद्यांना घिऊन या."

सगळे आत आले. आप्पांनी पंख्याकडंच बघत सगळं सांगितलं, गोठ्यामागचंसुद्धा.

मग अनसाबाई म्हणाल्या, "काय बी! तेवढ्यानं कुणी फरशीवर लोळतं व्हय? माझा न्हाई इस्वास."

"मग ते चित्र पुन्हा लावा," मोनिका पुढं आली. "माझे पोहे कुठं दिसत्यात का बघू द्या."

डॉक्टरांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी मान हलवली. ठोकळा पुन्हा बेंबीखाली टेकला. मघाचा काळा भोपळा गेला होता. त्याच्या जागी सुकल्या लिंबाएवढं काहीतरी, आणि त्यात नळीचं टोक.

"पाण्यातून आवाज सरळ जातो, म्हणून पाणी काळं दिसतं," डॉक्टर म्हणाल्या. "मघाशी भरलेलं होतं, आता रिकामं. दुखणंही गेलं. पोह्यांचा काही संबंध नाही."

"मला बी दावा की," आप्पा मान उंचावून म्हणाले. लाज कुठल्या कुठं गेली होती. "ह्यो माझाच का? एवढ्याशा पिशवीत तेवढं मावलं?"

अनसाबाई पडद्याकडं पाहत राहिल्या. मग मोनिकाकडं वळल्या. त्यांनी पोरीचा ढळलेला पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मी तोंडाची फटकळ हाय, बाळा. मनावर घिऊ नगंस."

हौसराव मात्र अजून पडद्यापाशीच घुटमळत होते.

"आप्पा," ते घसा साफ करत म्हणाले, "एक सांगू का? तुम्ही दार उघडलं असतं, तरी उपेग नव्हता. आत समदं अर्धवट हाय. मिस्तरी भांडं बसवून गेला, पाईप जोडायचा ऱ्हायला. दाराला रंग तेवढा दिला, तुम्ही येणार म्हणून. सकाळपासून माझा जीव टांगणीला. एका हातानं चहा देत व्हतो आन् मनात म्हणत व्हतो, ह्यांनी तेवढं इचारू नये. तुम्ही इचारलं न्हाई. मला वाटलं, काय घरंदाज माणूस हाय! तवाच मी मनात व्हय म्हनलो."

आप्पा हसायला लागले. नळी ओढली जाऊन कळवळले आणि पुन्हा हसायला लागले.

"हसू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आज रात्री इथंच राहा. उद्या तपासून मग पुढचं ठरवू."

दवाखान्यात आप्पांजवळ अनसाबाई राहिल्या. हौसराव स्वराजला मुक्कामाला घरी घेऊन गेले. घरी पोचल्यावर स्वराजनं रंग दिलेलं दार उघडून आत डोकावून पाहिलं आणि तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "पाना हाय का घरात? कंपनीत मी पाईपलाईनवरच असतो."

संध्याकाळच्या उजेडात तो भिंतीशी पालथा पडून पाईप जोडत होता. मोनिका दारात बॅटरी धरून उभी होती. तिची आई माजघरातून अधूनमधून खाकरत होती.

"वायसर द्या," स्वराज म्हणाला.

मोनिकानं वायसर दिला. तो बसवून पाना फिरवताना त्याच्या मनगटाची लय तिनं थोडा वेळ पाहिली.

"एक विचारू?"

"विचारा की."

"स्वयंपाक येतो का तुम्हाला?"

स्वराजचा हात थांबला. पाईपमागून उत्तर आलं, "भात येतो. भाजी... शिकीन."

"शिवणकाम?"

"बटन लावतो."

मोनिकानं बॅटरी जरा जवळ धरली. "बरं," ती म्हणाली, "घरी विचारून कळवते."