फिरत्या सिंहासनाची आणि बरतर्फ डोळ्याची हकीकत

श्री. जे जागच्या जागी फिरते आणि तरी राज्य पुढे चालले असे सर्वांस वाटते, त्या चक्रास नमन करून लिहितो. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमीचे दिवशी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही, माणसे अद्याप हयात आहेत.

त्या राज्यी महाराजांचे सिंहासन फिरते होते. बैठकीखाली थोरला लोहचुंबक ठोकिला होता आणि भोवती तांब्याच्या तारेची तीन वेटोळी, एकेकावर एक मानकरी, आणि त्यांनी पाळीपाळीने वेटोळ्यांत वीज सोडावी, मग चुंबकाने ओढ घ्यावी आणि महाराजांनी गरगर फिरून आठही दिशांस दर्शन द्यावे, ऐसा शिरस्ता. वीज कोठून येई ते आम्हांस ठाऊक नाही, आम्ही मुजरा करण्यात होतो. परंतु कोणाची पाळी कधी, हे महाराजांचे मुख कोणीकडे आहे त्यावर ठरे, आणि महाराज आरूढ असता कोणी मान वर करू नये, केल्यास गर्दन मारावी, हाही शिरस्ताच. सबब सटवोजी नामे एक इसम नेमिला होता. त्याने एकट्याने महाराजांकडे पाहावे आणि "पूर्व! आग्नेय! दक्षिण!" ऐसे ओरडावे, इतकीच चाकरी. आणि सटवोजी धुळीने खोके, आणि तो खोकला की पाळी चुके आणि महाराज हिसका खाऊन जीभ चावीत. मग दिवाण चिंतोपंत चिडले आणि तर्कनवीस विसोपंतांनी संधी साधिली. म्हणाले, "डोळा हवा कशास? चुंबक वेटोळ्यापुढून गेला की तारेत उलटी वीज उठते. मी तारांवर बोटे ठेवितो. कोणत्या तारेस कधी झिणझिण्या आल्या, त्यावरून महाराज कोणीकडे ते सांगतो. चुकलो तर माझी गर्दन." दिवाणांस ही युक्ती फार आवडली, कारण गर्दन विसोपंतांची होती. सटवोजी बरतर्फ होऊन प्रजेत उभा राहू लागला. मान वर ठेवण्याची त्याची खोड गेली नाही, आणि ती कोणास दिसलीही नाही, कारण सर्वांच्या माना खाली. आणि सहा महिने विसोपंतांचे बरे चालले, का की सिंहासन रोज पूर्वेस थांबे आणि दुसरे दिवशी पूर्वेपासूनच निघे.

मग रथसप्तमीस शेजारच्या राज्याचा वकील आला आणि पूर्वेच्या कमानीत बसला. त्याची फौज चार कोसांवर. बोली ऐसी की तिसरी तुतारी होताच महाराजांनी वकिलास सन्मुख व्हावे, पाठ दिसल्यास तह मोडला. आणि त्याच सकाळी झाडणाऱ्यांनी सिंहासन धुता धुता ढकलिले आणि तसेच ठेविले. महाराज येऊन बसले, आणि तेव्हा कोठे दिवाणांस कळले की सिंहासन जागचे हलले आहे, कोणीकडे ते झाडणाऱ्यांसही आठवेना. पहिली तुतारी जाहली.

दिवाण खाली मानेनेच कुजबुजले, "विसोपंत, मुख कोणीकडे?"

"तार मुकी आहे, दिवाणजी. सिंहासन फिरेल तेव्हाच बोलेल."

"अहो, पण कोणीकडे ते कळल्यावाचून फिरवायचे कैसे?"

"तेच तर."

"मग महाराजांसच विचारा."

"महाराज, आपले तोंड कोणत्या बाजूस आहे, ऐसे विचारू? आपणच विचारा."

दिवाणांनी विचारिले नाही. विसोपंतांस घरी ठेविलेली लेकरे आठवली. मग त्यांनी तिन्ही वेटोळ्यांत चिमूटचिमूट वीज सोडावयास लाविली, त्याने महाराज सिंहासनासकट थरथरले आणि खडखडाट ऐकून प्रजेस वाटले की संतापले. तारांवरच्या बोटांस थरथरीवरून इतके कळले की चुंबक पूर्वपश्चिम आडवा आहे, परंतु मुख पूर्वेस की पाठ पूर्वेस, हे कळेना. विसोपंतांनी कुलदैवताचे नाव घेऊन पूर्व धरिली. झाडणाऱ्यांनी पश्चिम करून ठेविली होती. दुसरी तुतारी जाहली आणि महाराज उलटे निघाले, आणि पागोटे उडाले ते थेट वकिलाच्या मांडीवर. मानकरी आपसांत भांडू लागले आणि इतक्यात पंतांच्या बोटांस झिणझिण्या आल्या. पंत रडत रडत ओरडले, "उलटे का होईना, फिरले! आता कळले! पहिले मानकरी, सोडा! तिसरे, तुम्ही धरा!" आणि तिसरी तुतारी होताच सिंहासन वकिलासमोर येऊन उभे राहिले. महाराज बोडके, केस विस्कटलेले, डोळे फिरलेले. वकील उठला. त्यास वाटले, महाराजांनी आपण होऊन पागोटे पाठविले. त्याने ते मस्तकी धरिले, आपले महाराजांस घातले आणि दोन्ही राज्ये पगडीभाऊ जाहली. फौज माघारी गेली.

मग प्रजेतून सटवोजी खोकला. दिवाणांनी त्यास बोलावून विचारिले, "तुला दिसत होते?"

"व्हय जी. म्हाराज मावळतीला त्वांड करून बसलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बघायचं काम माज्याकडनं काढून घेतलं न्हवं?"

त्यावर महाराज वरून सावकाश बोलिले, "आम्हांसही ठाऊक होते. आम्हीच तर बसलो होतो."

तात्पर्य, विसोपंतांची गर्दन वाचली आणि नवा शिरस्ता जाहला की रोज सकाळी तिन्ही वेटोळी मिळून महाराजांस एकदा जोराने पूर्वेस हिसडावे, मग बेधडक फिरवावे. महाराजांची मान तेव्हापासून वाकडी आहे. त्यांस विचारण्याची छाती अद्याप कोणास झाली नाही. लेखनसीमा.